बिनतोंडाचा फोन

साहेबांनी केबिनमध्ये डायरेक्ट लाइनचा रिसिव्हर उचलला की माझ्या टेबलावरचा राखाडी फोन एकदाच, हळू, टिण् करायचा. मग मी हातातलं टाकून तो कानाला लावायची आणि पेन्सिल घ्यायची. त्या शनिवारीही तसंच झालं.

"मोल्डिंग बंद झालं असंच धरून चाला," साहेब सांगत होते. पलीकडे पुण्याचे बँकवाले होते. "हातानं साचे भरणारे तीनशे लोक आहेत. जूनमध्ये नोटीस लावतो. त्यानंतर नवी मशीन लाइन बसेल."

"आणि जूनच्या आधी बाहेर कळलं तर?"

"कळणार नाही."

"कळलं आणि संप झाला, तर आमचं कर्ज विसरा, सांगरूळकर. मग मोल्डिंगच काय, अख्ख्या फौंड्रीला कुलूप लावा."

"माझ्या ऑफिसातनं बाहेर काही जात नाही," साहेब म्हणाले आणि काचेतून माझ्याकडं बघितलं.

मी सगळं लिहून घेतलं. त्या तीनशेंत माझा सख्खा भाऊ होता, तरी एक शब्द गाळला नाही, इतकी मी मुरलेली होते.

त्या राखाडी फोनचं सांगते. त्याला तोंड नव्हतं. म्हणजे रिसिव्हरच्या बोलायच्या बाजूची जाळी फिरवून आतली चकती साहेबांनी स्वतः काढून ड्रॉवरमध्ये टाकली होती. "तुमचा श्वास ऐकू येतो, इंगवलेबाई. समोरचा बिचकतो," म्हणाले होते. तेव्हापासून तो फोन नुसता ऐकायचा. प्रत्येक बोलणं मी ऐकायचं, टिपून ठेवायचं आणि साहेब विसरले की आठवण करून द्यायची, ही आमची पद्धत. चकती काढली त्याच महिन्यात माझं पद बदललं. आधी मी स्टेनो होते, मग एक्झिक्युटिव्ह असिस्टंट झाले. पगार असा वाढला की अकाउंटवाल्या माणसानं दोनदा खालीवर बघून पाकीट दिलं.

साहेबांनी मला अगदी पहिल्या आठवड्यात दोन वाक्यं शिकवली होती. "ठाऊक नसेल तेव्हा म्हणायचं, विचारून सांगते. ठाऊक असेल आणि सांगायचं नसेल तेव्हा म्हणायचं, मला कल्पना नाही. उलटं कधी करायचं नाही. म्हणजे मी नुसता शेजारी उभा असलो तरी मला कळतं, तुम्हाला काय ठाऊक आहे ते." मी उलटं कधीही केलं नाही.

फोन ठेवून साहेब बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"तुमचा भाऊ मोल्डिंगला आहे ना?"

"होय साहेब."

"हं."

मी धीर केला. "साहेब, त्याला सोलापूरच्या एका कारखान्यातनं बोलावणं आलंय. सोमवारी दुपारपर्यंत कळवायचंय. जाऊ की नको, असं चाललंय त्याचं. चाळिशीच्या मोल्डरला असं बोलावणं परत येत नाही."

साहेब खिडकीकडं वळले. खाली शिफ्ट सुटत होती. कामगार डबे हलवत, एकमेकांना हाका मारत गेटाकडं चालले होते.

"एकाला सांगितलं तर तो जिवाभावाच्या दुसऱ्याला सांगतो," ते म्हणाले. "त्याचाही जिवाभावाचा असतोच. मग उरलेल्या सातशे घरांचं काय करू, सांगा तुम्ही?"

मी हातातली वही मिटली.

"ह्या खोलीतलं ह्या खोलीत, इंगवलेबाई."

"होय साहेब."

*

रविवारी मामा जेवायला आले. गारगोटीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून रिटायर झालेले माझे मामा. मी लग्न केलेलं नाही. आई-वडील गेल्यावर घरात मी, धाकटा भाऊ सर्जेराव, त्याची बायको मंदा आणि दोन पोरी. रविवार म्हणजे मटण, आणि मटणाबरोबर मामांचा आवडता विषय. तो विषय म्हणजे माझा पगार.

"त्रैराशिक मांडून बघू," ताटावर बसता बसता मामा सुरू झाले. "मास्तराचं शिक्षण जास्त, पगार कमी. सर्जेरावाचा धोका जास्त, पगार त्याहून कमी. आणि टेलिफोन उचलणाऱ्या बाईचं शिक्षण बी.कॉम., धोका शून्य, पगार दोघांच्या बेरजेइतका! उत्तरच येत नाही."

"मग गणित चुकीचं मांडलं असेल, मामा."

"चुकीचं कसं? साहेबाला चहा द्यायचा आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणायचं. हेच ना तुझं काम?"

"चहा शिपाई देतो."

"बघा! म्हणजे तेवढंही नाही!"

सर्जाला हसता हसता ठसका लागला. पँट वर करून त्यानं नडगी दाखवली. तिथं पैशाएवढा जुना डाग होता. "मामा, माझ्या अंगावर लोखंड सांडलंय लोखंड. लाल रटरटीत. आक्काच्या अंगावर आजवर काय सांडलंय? शाई!"

हे दर सणाला, दर रविवारी व्हायचं. मीही काही कमी नव्हते. "ज्या डोळ्यानं माझा पगार मोजताय त्यातला मोतीबिंदू कुणाच्या पगारातनं निघाला?" असं मामांना तोंडावर विचारायची, आणि मामा "ते वेगळं" म्हणून रस्सा भुरकायचे. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून काही निघेना. घास फिरत होता नुसता. सर्जाच्या नडगीकडं बघवेना.

"आज आक्का गप का गं?" सर्जा म्हणाला. "पगार कापला का काय सायबानं?"

"जेव गप."

मंदा वाढत होती. तिनं माझ्या ताटात न विचारता बिनतिखटाचा आळणी रस्सा ओतला आणि माझ्या तोंडाकडं एकदा बघून पुढं गेली.

मग मामांनीच विषय काढला. "सर्जेराव, सोलापूरचं काय ठरलं?"

सर्जाचा हात थांबला. "मन न्हाई हो मामा. पोरींची शाळा हितं, घर हितं. पंधरा वर्सं ह्या फौंड्रीत काढली, समदी भावासारखी झाल्यात. तिकडं उन्हाळा म्हंजे भट्टीतनं निघून भट्टीत. पण लोक म्हणायलेत, मशीन येणार हाय. आमास्नी हाकलणार हायत." तो माझ्याकडं वळला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "आक्का, तू सायबाच्या दाराशी बसतीस. खरं सांग. मोल्डिंगचं काय कानावर आलंय का? खरं असंल तर उद्या हो म्हणून कळवतो. नसंल तर हाय तितंच बरं."

पाट्यावरची चटणी, ताटातली हाडं, मामांचा चष्मा, सगळं मला लख्ख दिसत होतं. सांग, सांग की, माझा एकुलता एक भाऊ आहे. असं आतनं कुणीतरी ओरडत होतं. आणि त्याच वेळी बँकवाल्याचा आवाज, अख्ख्या फौंड्रीला कुलूप लावा. पलीकडच्या दारातला भीमराव ओतीव माल घासूनपुसून साफ करायच्या फेटलिंग खात्यात होता, समोरचा गणपा मशीन शॉपला. सर्जाला सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत त्यानं गल्ली जागी केली असती. त्याच्या पोटात तीळ भिजत नव्हता. मित्रांना अंधारात ठेवून एकटा निसटून जाणाऱ्यातला तो नव्हताच. तसला असता तर सांगितलं असतं मी त्याला.

मी तोंड उघडलं. आणि जे बाहेर पडलं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"मला कल्पना नाही," मी म्हणाले.

"तिला काय कल्पना असणार?" मामा म्हणाले. "फोन उचलणारी ती."

सर्जाचा चेहरा मात्र एकदम फुलला. "न्हाई मामा, आक्काच्या कानावर न्हाई म्हंजे तसलं काय न्हाईच. एवढी मोठी गोष्ट असती तर कागूद तिच्याच हाताखालनं गेला असता. ठरलं! न्हाई जायचं. उद्या कळवून टाकतो, नको म्हणून. मंदे, वाढ गं, आता भूक लागली."

मंदाची पळी पातेल्यातच थांबली होती. तिनं वाढलं, पण सर्जाकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघत होती.

*

मी ताट घेऊन मोरीवर गेले. मागोमाग मंदा आली. नळ मोठा सोडला तिनं, आणि भांडी घासायला बसली. मीही बसले.

"वन्सं," थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुम्ही घरात असं बोलत न्हाई."

"कसं?"

"मला कल्पना नाही, असं. घरात तुम्ही म्हणता, मला काय ठाऊक, गेलं उडत. ते दुसरं वाक्य तुम्ही फोनवर म्हणता. त्या दिवशी साहेब मुंबईच्या गाडीत बसले म्हणून मला सांगितलंत, आणि लगेच साहेबांना विचारत घरी फोन आला, तर म्हणालात, साहेब कुठं आहेत मला कल्पना नाही. मी हसले हुते तवा. आठवतंय?"

माझ्या हातातला तांब्या निसटून फरशीवर वाजला.

"मंदा, मला काही विचारू नकोस."

"विचारलं कुठं मी?" ती म्हणाली. तिनं एक ताट विसळलं, दुसरं विसळलं. मान खाली होती. "एकच सांगते. ह्यास्नी मी सोलापूरला धाडलं तर तुमी मला अडवू नका. मी काय बी बोलले तरी मधी पडू नका. एवढं करा."

"काय करणार आहेस तू?"

"ते तुमी न ऐकलेलं बरं," ती म्हणाली. "तशी ऐकायची तर तुमास्नी सवयच हाय." रागानं नव्हती म्हणाली, पण लागलं मला. पदराला हात पुसून ती बाहेर गेली.

मामा पान लावत होते. सर्जा भिंतीला टेकून आडवा झाला होता, पोट भरल्याच्या समाधानात. मंदा मधोमध जाऊन उभी राहिली.

"ठरलं म्हणं! कुणाच्या जिवावर ठरलं?"

"काय झालं आता हिला?" सर्जा हसत म्हणाला.

"मला काय हुतंय? झालंय ते तुमास्नी. आयत्या बिळात नागोबा! भाडं वन्संचं, किराणा वन्संचा, पोरींची फी वन्संची. तुमच्या पगारात तुमची पानपट्टी भागती. सोलापूर लांब पडतंय म्हणं. सोलापूर लांब न्हाई, बहिणीचं ताट लांब जाईल, त्याची धास्ती हाय."

सर्जा उठून बसला. "मंदे, तोंड आवर. मामा बसल्यात."

"बसू देत की. त्यांनीच तर हिशेब मांडला मगाशी. फोन उचलणाऱ्या बाईनं मिळवायचं आणि लोखंड वतणाऱ्या गड्यानं खायचं. गल्लीत बाया काय म्हणत्यात ठाव हाय का? बहिणीनं पाळलेला भाऊ म्हणत्यात!"

गल्लीत असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. मला ठाऊक होतं आणि तिलाही. मोरीच्या दारात मी खांब धरून उभी होते. माझ्या भावाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. आयुष्यात त्यानं कुणाचा फुकटचा चहा प्यायला नव्हता. घरातही महिन्याचं पाकीट न फोडता माझ्या हातात द्यायचा तो. मंदानं बरोबर तिथंच घाव घातला होता.

"आक्का!" त्यानं मला हाक मारली. "ही काय बोलायलीय बघ. तू सांग हिला. मी तुझ्या जिवावर जगतोय व्हय?"

एक शब्द पुरला असता. नाही रे बाळा, असं म्हटलं असतं की संपलं. तो मंदाला चार शिव्या हासडून पुन्हा आडवा झाला असता, आणि सोमवारी सोलापूरला नको म्हणून कळवून मोकळा झाला असता.

"बोल की," तो म्हणाला.

मंदा माझ्याकडं बघत नव्हती. तिची पाठ माझ्याकडं होती आणि पदराचं टोक तिनं मुठीत गच्च धरलं होतं.

मी बोलले नाही.

सर्जा थोडा वेळ वाट बघत राहिला. मग "बरं" म्हणाला. इतकं हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. उठला, खुंटीवरचा शर्ट घेतला, बाहेर गेला. मामा पान हातात तसंच धरून म्हणाले, "अगं, मी आपलं गमतीनं..." त्यांचं पुढचं वाक्य कुणीच ऐकलं नाही. मंदा आत आली, चुलीपुढं बसली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवायला गेले, तर तिनं तो बाजूला केला.

*

सोमवारी दुपारी वर्क्स मॅनेजर एक कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून गेला. साहेबांनी मला आत बोलावलं.

"बसा."

मी सहसा बसत नसे. बसले.

"तुमच्या भावानं राजीनामा दिलाय."

"होय साहेब."

"कशामुळं?"

"घरात भांडण झालं. माझ्या पगारावरनं."

साहेबांना हसू आलं. मग ते हसू गेलं. "तुम्ही सांगितलंत त्याला?"

"नाही साहेब. आईची शपथ."

"मान्य. मग घरात आणखी कुणाला कळलं?"

ठाऊक नसतं तर मी म्हटलं असतं, विचारून सांगते. आणि साहेबांपुढं उलटं वाक्य म्हणायची सवय मला कुणी लावलीच नव्हती.

"मला कल्पना नाही, साहेब," मी म्हणाले.

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. पंख्यानं राजीनाम्याचा कोपरा उचलला जात होता, त्यावर त्यांनी पेपरवेट सरकवला. त्यांना सगळं कळलं होतं.

मी पर्समधनं माझा राजीनामा काढला. रात्री लिहिला होता. "हा माझा, साहेब."

त्यांनी तो वाचलाही नाही. "आज भाऊ गेला. उद्या बहीण गेली. मोल्डरची बहीण, माझ्या दाराशी बसणारी. गेटवरचा वॉचमनसुद्धा अर्थ लावेल, इंगवलेबाई. तुम्ही तोंड उघडायची गरजच नाही. तुम्ही ह्या खुर्चीवरनं नुसत्या उठलात तरी सगळ्यांना कळेल."

खरं होतं. शंभर टक्के खरं होतं. मी न बोलून अडकले होते, आणि आता उठूनही सुटका नव्हती. वाटलं, ह्या माणसाच्या अंगावर शाईची दौत फेकावी आणि किंचाळावं.

"जूननंतर जाईन," मी म्हणाले.

"जूननंतर तर मुळीच नाही. तेव्हा तर लोक नक्की म्हणतील, हिला ठाऊक होतं." त्यांनी माझा कागद दुमडून मला परत दिला. "पुढच्या महिन्यापासून तुमचा पगार वाढवतोय."

"नको साहेब."

"नको म्हणायचं कारण काय सांगाल अकाउंटला?"

मी कागद पर्समध्ये घातला आणि बाहेर येऊन बसले. राखाडी फोननं टिण् केलं. मी उचलला.

*

जूनमध्ये नोटीस लागली. गेटासमोर दोन दिवस नुसता आकांत होता. मोल्डर मंडळी कपाळाला हात लावून रस्त्याकडेला बसलेली. पाण्याच्या नळावर बाया माझ्याकडं बघून बोलायच्या थांबायच्या. भीमरावच्या बायकोचा भाऊ मोल्डिंगलाच होता. ती रोज मला विरजणाला ताक मागायची, ते बंद झालं. तिला काही ठाऊक होतं असं नाही. साहेबाच्या दारातलं माणूस म्हणून राग, बस्स. तो मी गिळला. तिचा काही दोष नव्हता.

सर्जा सोलापुरात होता. त्यानं मला एक ओळ लिहिली नव्हती, मंदालाही नाही. पोरींच्या नावानं महिन्याला मनीऑर्डर यायची, पुरेपूर. मंदा सही करून ती घ्यायची आणि देवापुढं ठेवायची. आम्ही दोघी एका घरात, एका चुलीवर, आणि ह्या विषयावर एक शब्द नाही.

नोटीस लागल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी साहेबांची डायरेक्ट लाइन वाजली. त्यांनी उचलला, मीही उचलला.

"साहेब, मी सर्जेराव इंगवले. मोल्डिंगचा. आता सोलापुरातनं बोलतोय."

माझा भाऊ. इतक्या दिवसांनी. मागं ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. तो नंबर घरातल्या कॅलेंडरवर, अडीनडीला असावा म्हणून, मीच लिहून ठेवला होता.

"बोला, सर्जेराव."

"साहेब, नोकरी मागायला फोन केला न्हाई. तुमास्नी शिव्या द्यायला बी न्हाई. एकच विचारायचंय. खरं सांगा, तुमच्या पोराबाळांची आण." तो थांबला. "माझ्या आक्काला ठाव हुतं का?"

साहेबांनी काचेतून माझ्याकडं बघितलं. रिसिव्हर माझ्या कानाला होता.

"मला का विचारताय? त्यांना विचारा," साहेब म्हणाले.

"तिला विचारायची छाती न्हाई माझी. घरात भांडण झालं त्या दिवशी ती गप बसली. एक शबूद बोलली न्हाई. तवापासनं काळीज पोखरतंय. आता नोटीस लागली म्हणून कळलं, आन् वाटलं, हिला ठाव असंल. मला तेवढा बाहेर काढला आन् बाकीची दोनशे नव्याण्णव पोरं मरू दिली. साहेब, तसं असंल तर मी हिचं तोंड बघणार न्हाई. पोटाची दोन खाती न्हाईत माझ्याकडं, एक घरचं आन् एक दोस्तांचं. पंधरा वर्सं एका ताटात जेवलो आमी."

"होय रे," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. "होय रे सर्जा, ठाऊक होतं मला. सांगता येत नव्हतं रे. अख्खी फौंड्री गेली असती. अरे, मी काय करायला पाहिजे होतं, तूच सांग!"

बाजूच्या टेबलावरचा टायपिस्ट टाइप करायचा थांबून माझ्याकडं बघायला लागला. सोलापुरात मात्र माझ्या भावाला ट्रकच्या हॉर्नशिवाय काही ऐकू गेलं नाही. त्या फोनला तोंडच नव्हतं.

साहेबांनी काचेतून माझे हलणारे ओठ बघितले. नजर खाली घेतली.

"मला कल्पना नाही, सर्जेराव," ते म्हणाले.

पलीकडनं मोठा सुस्कारा आला. "म्हंजे तिला ठाव न्हवतंच. तुमच्या बी ध्यानात असलं काय न्हाई म्हंजे न्हवतंच ठाव. देवानं वाचीवलं साहेब. मी काय काय मनात आणलं हुतं." मग हसला, रडल्यासारखा. "आन् साहेब, राग मानू नका, पण तिला जर काय ठाव नसतंय, तर एवढा पगार कशाचा देता हो?"

साहेबांनी काचेकडं पाठ केली. सर्जानंच फोन ठेवला.

मी रिसिव्हर तसाच धरून बसले. साहेब केबिनबाहेर आले, टेबलापाशी थांबले. काही म्हणतील असं वाटलं. मी पेन्सिल उचलली, कारण फोन झाला की तो टिपून ठेवायचा, ही पद्धत. माझ्या वहीवर हात ठेवून ते म्हणाले, "हा नको लिहायला." आणि निघून गेले.

*

दिवाळीत सर्जा आला. उन्हानं काळवंडला होता, पण अंगानं भरला होता. आल्या आल्या माझ्या पाया पडला आणि डोळे पुसले. मंदाला म्हणाला, "तुझी जीभ म्हंजे विळा, पण त्या विळ्यानंच वाचलो बघ. नशीबच म्हणायचं." मंदा "व्हय, नशीबच" म्हणाली आणि करंज्यांचा डबा उघडायला लागली.

भाऊबीजेला मामाही होते. मी ओवाळलं. सर्जानं ओवाळणीत साडी घातली, सोलापुरातनं आणलेली. मग फराळाला बसल्यावर त्याला जुनी खुमखुमी आली.

"मामा, तुमचं त्रैराशिक बरोबर हुतं बघा. मी सायबालाच फोन करून विचारलं. तीनशे लोकांचं ताट काढलं, तरी त्यांच्या दारात बसून हिला पत्ता न्हाई! आन् पगार? आणिक वाढलाय म्हणं!"

मामांनी चकलीचा तुकडा मोडला. माझ्या मोतीबिंदूच्या टोमण्याची वाट बघत माझ्याकडं बघितलं.

मंदा माझ्या ताटात लाडू ठेवत होती. तिचा हात तिथंच थांबला.

"सांग की आक्का," सर्जा हसत म्हणाला. लहानपणी हसायचा तसा, सगळे दात दाखवून. "काय करतीस काय तू तितं दिवसभर?"

"काही नाही रे," मी म्हणाले. "फोन उचलते."